परदेशातून : नंबर लागेल का?

न्यू जर्सीत सकाळचे सात वाजतात तेव्हा उन्हाळ्यात चोपड्याला दुपारचे साडेचार झालेले असतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्या वेळेला फोन वाजला की मी समजते, कुणाच्या तरी पोराचा सीईटीचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल हातात आहे आणि आता कॉलेजचा फॉर्म भरायचाय. २०२५ मध्ये फोन माझ्या चुलतभावाचा होता. चहापाण्याची विचारपूसही न करता त्याने थेट विचारलं, "ताई, मना पोऱ्याना नंबर लागी का?"

या प्रश्नाला मी कधीच हलक्यात घेत नाही. १९९७ साली हाच प्रश्न माझ्या वडिलांनी भुसावळहून जाऊन एका कॉलेजच्या खिडकीवर विचारला होता. तेव्हा प्रवेश बारावीच्या मार्कांवर होत. खिडकीतल्या माणसाने माझ्या गुणपत्रिकेवर नजर टाकली आणि म्हणाला, "मुलीचा नाही लागायचा नंबर, कशाला त्या कॉलेजात अडकता?" वडिलांनी ते नाव फॉर्ममधून गाळलं. महिनाभराने भिंतीवर यादी लागली, तर तिथला शेवटचा प्रवेश माझ्यापेक्षा सहा मार्क कमी असणाऱ्या मुलाचा होता. मी दुसरीकडे शिकले, माझं काही अडलं नाही. पण वडील जाईपर्यंत ते सहा मार्क आमच्या घरातून गेले नाहीत.

गावाकडच्या आमच्या ग्रुपवर दर वर्षी या दिवसांत वाद पेटतो. काहींचं म्हणणं, बारावीच्या मार्कांना पुन्हा वजन द्या. सीईटी आणि बारावी निम्मं-निम्मं धरण्याची घोषणा सरकारने २०२२ मध्ये केलीही होती. काहींना हे कटऑफचं, म्हणजे शेवटचा प्रवेश कुठल्या आकड्यावर थांबला याचं, गणितच नको आहे. अमेरिकेत बघा, ते म्हणतात, तिथे मार्क नाही, माणूस बघतात. मग माझ्याकडे वळतात, कारण मी इथे राहते. म्हणून जे जवळून पाहिलंय तेच सांगते.

इथे माणूस बघतात, हे खरं आहे. निबंध वाचतात, शिक्षकांची पत्रं वाचतात, मुलाने शाळेबाहेर काय केलं तेही विचारतात. त्याचं चांगलं फळ मी माझ्या मुलीत पाहिलं. अकरावीत असताना तिने ओढ्याचं पाणी तपासण्याचं एक यंत्र बनवलं, आणि त्या वर्षी ते परीक्षेइतकंच महत्त्वाचं मानलं गेलं. चोपड्यात तिला ती फुरसत कुणी दिली नसती. आपल्याकडे आठवीपासून क्लास, मग लातूर नाहीतर कोटा, आणि कॉलेजात नाव फक्त हजेरीपुरतं. ही आपली जखम आहे, ती मी झाकत नाही.

पण इथे "नंबर लागेल का" याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. २०२४ च्या प्रवेशासाठी इथल्या एमआयटी या नामांकित विद्यापीठाकडे २८ हजारांहून जास्त अर्ज आले आणि निवड झाली १,२७५ मुलांची. म्हणजे साडेचार टक्के. परदेशातून अर्ज करणाऱ्यांसाठी हा आकडा दोन टक्क्यांच्या आसपास. आमच्या ओळखीतल्या धुळ्याच्या एका गृहस्थांनी कागदावर हिशेब मांडला होता: एका कॉलेजात साडेचार टक्के, तर तसल्या वीस कॉलेजांत अर्ज केला की कुठेतरी लागण्याची शक्यता साठ टक्के. आकडेमोड बरोबर आहे. वीस फासे टाकले असते तर तसंच झालं असतं. पण वीसही ठिकाणी जातो तोच मुलगा, तोच निबंध, तीच पत्रं. पहिल्या कॉलेजला ज्यात उणीव दिसली, ती दहाव्यालाही दिसते. शिवाय साडेचार टक्के ही सगळ्यांची सरासरी. त्यात ऑलिम्पियाड जिंकलेलेही आले आणि सहज म्हणून अर्ज टाकलेलेही. त्या गृहस्थांच्या मुलाला वीसपैकी एकही मिळालं नाही. राज्याच्या विद्यापीठात तो छान शिकतोय, पण आपल्यात काय कमी पडलं हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. ज्यांच्याकडे पैसा आहे ते निबंधाला सल्लागार लावतात. २०१९ मध्ये तर लाच देऊन, खोटे खेळाडू दाखवून प्रवेश मिळवल्याचं मोठं प्रकरण इथे उघड झालं. जिथे निवडीचं कारण लिहून लावावं लागत नाही, तिथे ओळख आणि पैसा शिरायला जागा मिळते.

चोपड्यातल्या माझ्या भावासमोर मात्र यादी होती. व्हिडिओ कॉलवर त्याने मागच्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ छापून आणलेली दाखवली. नाशिकच्या एका कॉलेजची ओळ, तिच्यावर त्याचं बोट. नखात कपाशीच्या शेतातली काळी माती. "९० ला बंद झालंय ताई, आपल्याला ९२ आहे, झालंच समजू ना?" मी म्हटलं, बोटाच्या वरची अक्षरं वाच. त्याने एकेक वाचलं: जी, ओपन, एच. जी म्हणजे सर्वसाधारण, एल असेल तर मुलींची जागा. शेवटचा एच म्हणजे त्या विद्यापीठाच्या हद्दीतली मुलं. नाशिक पुणे विद्यापीठात येतं, आपलं विद्यापीठ जळगावचं, कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाचं. म्हणजे नाशिकसाठी तुझा पोरगा ओ मध्ये, बाहेरच्यांत. तिथल्या सत्तर टक्के जागा त्यांच्या मुलांच्या, बाहेरच्यांना तीस. बोट खाली सरकलं. ओ च्या ओळीत आकडा ९३ च्या पुढचा होता.

भाऊ गप्प झाला. मग मी त्याला दुसरं गणित सांगितलं. समजा तीन लाख मुलं परीक्षेला बसली, तर ९२ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले ब्याण्णव तुझ्या पोराच्या मागे आणि आठ पुढे, म्हणजे पुढे सुमारे चोवीस हजार. ते सगळे काही नाशिकला येत नाहीत. कुणी आयआयटीत जाईल, कुणी एनआयटीत, कुणी पुण्या-मुंबईत. तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एआयसीटीईने २०२४ मध्ये शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा उठवली, तेव्हापासून कॉम्प्युटरच्या जागा वाढताहेत. म्हणून मागच्या वर्षीचा ९३ यंदा ९१ वरही येऊ शकतो आणि ९४ वरही जाऊ शकतो. यादी कालचा पाऊस सांगते.

आणि म्हणूनच ते नाव गाळायचं नाही. हे मी त्याला तीनदा सांगितलं, जरा आवाज चढवूनच. आपल्या कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेश फेऱ्यांत, शेकडो पर्याय भरता येतात, आणि गुणवत्ता यादीत तुझी पाळी आली की वरून खाली बघत जे पहिलं मिळतं ते तुला देतात. वर अवघड नाव लिहिल्याने खालचं सोपं नाव हातचं जात नाही. इथे एमआयटीच्या एका अर्जाला ७५ डॉलर लागतात. तिकडे फॉर्ममध्ये आणखी एक ओळ फुकट भरता येते, आणि तरी लोक घाबरून ती सोडतात. अंदाजाचा उपयोग यादीचा तळ भक्कम करायला करा, शेंडा छाटायला नको. जपायचं ते एवढंच: २०२५ च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो पक्का होतो, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांपैकी कुठलाही. तेव्हा मनापासून नको असलेलं वर लिहायचं नाही.

भावाने आधीच एका समुपदेशकाला पंचवीस हजार मोजले होते. त्याने बारा नावं दिली होती, आणि त्यांतल्या पहिल्या पाच कॉलेजांच्या जागा कधीच पूर्ण भरत नव्हत्या. मला त्याच्यापेक्षा जास्त राग याचा येतो, की ती फुकटची पीडीएफ वाचून दाखवणारा एक माणूस प्रत्येक तालुक्याला आपण बसवू शकलेलो नाही. रावेर, यावल, शिरपूर, शहाद्याच्या ज्युनिअर कॉलेजांत गणिताचे कितीतरी चांगले शिक्षक आहेत. जुलैतले चार रविवार दिले तरी काम होईल. वाद घालायचाच तर यावर घालूया.

भाच्याने शेवटी स्वतः बसून चौतीस पर्याय भरले. वडिलांना कॉम्प्युटर हवं होतं. त्याने नाशिकचं मेकॅनिकल पहिलं लिहिलं, कारण शेतातली मोटर तोच उघडतो आणि तोच बसवतो. दुसऱ्या फेरीत त्याला चौथा पर्याय मिळाला, जळगावचाच. चौथा असल्याने पक्का करायची सक्ती नव्हती. ती जागा राखून तो तिसऱ्या फेरीला थांबला. यादी लागायच्या दिवशी पहाटे मी जागीच होते. भावाने फोन केला तेव्हा मागून पोराचाच आवाज आला, "आत्या, ओ च्या ओळीत बघा."