सिलिंडरचे तोंड एक का नाही?

फोंड्यात १४.२ किलोचा सिलिंडर संपला की रिकामा देऊन भरलेला घ्यावा, हे अंगवळणी पडलेले असताना, पोर्तुगालमधल्या आप्तांसोबत मोटरहोम (राहण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) घेऊन निघालो की दर वेळी तोच मनस्ताप का सोसावा? सीमा ओलांडून स्पेनमध्ये, पुढे फ्रान्समध्ये शिरताच दुकानदार परक्या देशाचा सिलिंडर बदलून देत नाही, रेग्युलेटर जुळत नाही, आणि गाडीत बसवलेली गॅसची टाकी भरायची तरी देशागणिक निराळे अडॅप्टर बाळगावे लागतात. युरोपीय संघाने २०२४ च्या अखेरीस मोबाइलला एकच चार्जर सक्तीचा केला. मग चुलीच्या गॅसला काय झाले? थंडीत सिलिंडरमधला ब्यूटेन (चुलीच्या गॅसचा एक प्रकार) शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होईनासा होतो, म्हणून प्रोपेन हा दुसरा प्रकारच हवा, आणि नेमका त्याचाच सिलिंडर सीमेपलीकडे संपला की बदलून मिळत नाही.