"महागडा ब्रँड गळ्यात मारला" या रिव्ह्यूला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. ऐन श्रावणात गवत कापायचं झिरो टर्न मशीन (बसून चालवायचं, जागच्या जागी वळणारं) बंद पडलं, पार्ट यायला वेळ लागला, घरी पाहुणे यायचे आणि लॉन गुडघ्याला लागलेलं. तुम्हाला मनस्ताप झाला त्याबद्दल दिलगीर आहे. एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क आहे.

पण "कमिशनसाठी महागडा ब्रँड गळ्यात मारला" हे वाक्य काही केल्या पचत नाही. बाकी सगळं सोडून देतो, एवढ्यावर मात्र बोलणं भाग आहे. कारण ते वाचून पौडकडच्या एका गिऱ्हाइकाने ठरलेला डेमो रद्द केला. वडिलांनी फवारणी पंपांवर सुरू केलेलं हे दुकान आहे. आमच्या धंद्यात जाहिरात नसते, एकाने दुसऱ्याला सांगितलं तरच माणूस पायरी चढतो.

सर, ब्रँड राहू द्या, ओढ्याकडच्या उतारासाठी मी तुम्हाला झिरो टर्नच नको म्हणालो होतो. मे महिन्यात तुमच्या मुळशीच्या प्लॉटवर आलो, तेव्हा बंगल्यापासून खाली ओढ्यापर्यंत आपण चालत गेलो होतो. मी मोबाईल जमिनीवर आडवा ठेवून उतार मोजत होतो, तर वहिनी म्हणाल्या, "रेंज नाहीये का?" वरचा भाग छान सपाट आहे. ओढ्याकडचा पट्टा १७-१८ अंशांच्या घरात भरला. बहुतेक कंपन्या मॅन्युअलमध्ये १५ अंशांची मर्यादा छापतात, काही तर १०चीच.

ती मर्यादा उगाच नाही. या मशीनची मागची दोन चाकं वेगवेगळी चालतात, दोघांना आपापला हायड्रोस्टॅटिक ट्रान्सअ‍ॅक्सल, म्हणजे तेलाच्या दाबावर चाक फिरवणारं युनिट, असतो. पुढची चाकं नुसती कॅस्टर, ऑफिसच्या खुर्चीसारखी मोकळी फिरणारी, त्यांना ना स्टिअरिंग ना ब्रेक. वळायचं असो की थांबायचं, सगळी भिस्त मागच्या टायरच्या पकडीवर. ओल्या उतारावर ती सुटली की तुम्ही दोन्ही लिव्हर कितीही ओढा, मशीन त्याला हवं तिकडे जातं. झिरो टर्न जन्मलं १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, हेस्टन गावी. तिकडची जमीन परातीसारखी सपाट. मुळशीत पाऊस किती आणि चढ-उतार किती, हे मी तुम्हाला सांगायला नको.

म्हणून मी म्हटलं होतं, वरच्या भागाला हवं तर झिरो टर्न घ्या आणि ओढ्याकडचं गवत माळ्याकडून ब्रश कटरने काढून घ्या. तुम्ही म्हणालात, माळी ब्रश कटरला कंटाळतो. बरं, ठीक.

आता ब्रँडकडे येतो. तुम्ही दुकानात आलात तेच मोबाईलवर व्हिडिओ लावून. टोरो चांगलं की हस्कवर्ना, जॉन डिअर की स्कॅग. मी काय म्हणालो होतो? रंग बघू नका. वरचं नाव कुठलंही असो, खाली इंजिन बहुतेक वेळा कावासाकी, कोहलर नाहीतर ब्रिग्जचं निघतं आणि ट्रान्सअ‍ॅक्सल बहुतेकांत हायड्रो-गिअरचा. कंपन्याही एकमेकींच्या घरातल्याच आहेत. एक्समार्क १९९७पासून टोरोकडे आहे, ग्रेव्हली १९८२पासून एरियन्सकडे. म्हणून ब्रँड निवडताना आधी डेक, म्हणजे ब्लेडवरचं लोखंडी झाकण, खाली वाकून बघायचा. पत्रा प्रेसमध्ये दाबून काढलाय की जाड प्लेटा वेल्ड केल्यात? मग ट्रान्सअ‍ॅक्सल. घरगुती मॉडेलमध्ये तो सीलबंद येतो, बिघडला की अख्खा बदला. वरच्या मॉडेलमध्ये, म्हणजे हायड्रो-गिअरच्या झेडटी-२८००पासून पुढे, बाहेरून फिल्टर आणि तेल बदलता येतं, तासांच्या हिशेबाने ते बदलत राहिलं की युनिट टिकतं. आणि शेवटी बेल्ट, ब्लेड, स्पिंडल (ब्लेड फिरवणारा दांडा) पुण्यात कोण देणार, हे विचारायचं. अमेरिकेतला व्हिडिओवाला काही तुमच्याकडे बेल्ट घेऊन येणार नाही.

मी दाखवलेलं मॉडेल या सगळ्यात सरस होतं. महाग होतं, हो. तुम्ही ते घेतलं नाहीत. त्याच ब्रँडचं खालचं, सीलबंद ट्रान्सअ‍ॅक्सलवालं मॉडेल घेतलंत, आणि तेव्हा आमच्या शोरूममधलं सगळ्यात स्वस्त झिरो टर्न तेच होतं. बिल तुमच्याकडे आहे. कोटेशनच्या मागे माझ्या हाताने निळ्या पेनने लिहिलेलं आहे, "उतारावर नको. ओल्यात नको." महागडं खपवूनच कमिशन काढायचं असतं तर मी तुम्हाला हे लिहून कशाला दिलं असतं?

बंद कसं पडलं, तेही सांगतो. माळ्यावर दोष ढकलायचा नाही, तो कष्टाळू माणूस आहे. पण तुम्हीच रिव्ह्यूला जोडलेला दुसरा फोटो मोठा करून बघा. पुढच्या डाव्या कॅस्टरच्या दांड्याला नायलॉनचा दोर बांधलेला दिसतो. मशीन ओढ्याजवळ रुतलं आणि ट्रॅक्टर लावून वर ओढलं. हे मशीन ट्रॅक्टरने ओढायचं नसतं, हाताने ढकलायचं असतं, आणि त्याआधीही मागच्या बाजूचे दोन्ही बायपास लिव्हर उघडावे लागतात, म्हणजे हायड्रोलिक पंप मोकळा होतो आणि चाकं सुटी फिरतात. ते बंदच राहिले. आमच्याकडे मशीन आलं तेव्हा मागच्या डाव्या टायरवर एकाच जागी रबर घासून तळहाताएवढा सपाट डाग पडला होता. याचा अर्थ चाक फिरलंच नाही, तसंच खरडत वर आलं. ट्रान्सअ‍ॅक्सलच्या आत काय झालं असेल ते त्या डागावरूनच कळलं. कंपनीने वॉरंटी नाकारली ती याच कारणाने, आणि तिथे माझा इलाज चालत नाही. मी फोन केले, मेल केले, टायरचे फोटो न पाठवता बोलून पाहिलं, पण त्यांनी फोटो मागितलेच.

अख्खं युनिट बाहेरून मागवावं लागलं, म्हणून दिवस गेले. मजुरी आम्ही लावली नाही. मशीन उभं होतं तेवढ्यात टाकी रिकामी केली, कार्बोरेटर साफ करून दिला, कारण पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि या इंजिनांना मॅन्युअलप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतचंच चालतं. तसलं पेट्रोल टाकीत पडून राहिलं की पाणी धरतं, जेट चोंदतात. त्याचेही पैसे घेतले नाहीत. हे रिव्ह्यूत कुठे दिसलं नाही, असो.

फोन उचलत नाही म्हणालात. तुमचे लागोपाठ सात मिस्ड कॉल अनंत चतुर्दशीचे आहेत. आमचं दुकान पेठेत आहे सर. त्या दिवशी ढोल-ताशात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि शटर तर सकाळपासूनच खाली होतं. दुसऱ्या दिवशी आमच्या धाकट्या भावाने फोन केला होता, तो तुम्ही कट केलात. आणि "दुपारी झोपा काढतात" हे जे जाता जाता लिहिलंय, त्याबद्दल एवढंच की आमचं दुकान दुपारी उघडं असतं. कुणीही येऊन बघावं.

तरीही तुमच्या म्हणण्यातून आम्ही घ्यायचं ते घेतलंय. बायपास लिव्हर कसे उघडायचे याचा मराठीतला कागद यापुढे प्रत्येक मशीनच्या सीटमागे चिकटवून देऊ, आणि माळी किंवा ड्रायव्हर जो कोणी चालवणार असेल त्यालाच डेमोला बोलावू. महत्त्वाचे पार्ट थोडे स्टॉकला ठेवायचं डोक्यात आहे, बघू कसं जमतं ते. सणासुदीला व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी असेल अशी सोय करतोय.

तुमची दुसरी फ्री सर्व्हिस बाकी आहे. दसऱ्यानंतर जमिनीचा ओलावा कमी झाला की आमचा टेम्पो पाठवतो, पिरंगुट घाटातली गर्दी टाळून सकाळी लवकर. गाडीत चढवताना आमचा मुलगा माळ्याला लिव्हर उघडून दाखवेल. आणि सर, सर्व्हिस पटली तर रिव्ह्यूतलं ते "गळ्यात मारला" तेवढं काढता आलं तर बघा. स्टार एकच ठेवा, चालेल.

आपला,
दुकानाचा मालक