दुपारी १३.५ व्होल्ट म्हणजे अल्टरनेटर गेला का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचा आक्षेप असा आहे: चार्जिंग व्होल्टेज चौदाच्या खाली आलं की अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर वीज बनवून बॅटरी चार्ज करणारा भाग) गेला, हे कुठलाही मेकॅनिक सांगेल, ‘थांबा, आधी मोजा’ असं सांगून मी लोकांना उन्हात अडकवतोय. गरम इंजिनवर मीटर लावण्यापेक्षा सकाळी मोजावं, आणि शंका असेल तर चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून बघावं, असंही तुम्ही सुचवलंय.

अडकण्याची भीती अगदी रास्त आहे. कडक उन्हात बंद पडलेल्या गाडीत लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर तो जिवाशी खेळ होतो. म्हणूनच निदान अंदाजाने करू नये असं मला कळकळीने वाटतं.

आधी टर्मिनलचं, कारण त्यात नुकसान होतं. चालू गाडीत टर्मिनल कृपया काढू नका. बॅटरी अल्टरनेटरचे झटके शोषून घेते. ती अचानक सुटली की व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळतं आणि रेग्युलेटर (व्होल्टेज काबूत ठेवणारा भाग), डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), इसीयू (गाडीचा संगणक) यांपैकी काहीही जळू शकतं. गाडी चालू राहिली तरी अल्टरनेटर पूर्ण ताकदीने चार्ज करतोय हे त्यातून सिद्ध होत नाहीच.

आता चौदाचा आकडा. साधारण २५ अंश तापमानाला तो बरोबर आहे. पण लेड-ॲसिड बॅटरी तापली की तिला कमी व्होल्टेज पुरतं. थंडीतलंच व्होल्टेज तिला उन्हाळ्यात दिलं तर ती जास्त करंट ओढते, पाणी उडतं, आतल्या प्लेटा लवकर गंजतात. म्हणून बरेच रेग्युलेटर तापमान चढेल तसं व्होल्टेज मुद्दाम उतरवतात. उदाहरणादाखल दर अंशाला वीस मिलिव्होल्ट धरा. बोनेटखाली ६५ अंश झाले, तर सकाळचे १४.३ व्होल्ट दुपारी १३.५ होतात. यात बिघाड काहीच नाही. उलट तेवढ्या उष्णतेत साध्या रेग्युलेटरची गाडी सतत पंधराच्या वर दाखवत असेल, सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, बॅटरी फुगली असेल, तर मी गाडी लगेच बंद करेन आणि जवळ ठिणगीही उडू देणार नाही.

नव्या गाड्यांत व्होल्टेज इसीयू ठरवतो. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर बसवलेला दिसला तर एका आकड्यावर विसंबूच नका; तिथे आकडा १२.५ पासून १५ पर्यंत फिरू शकतो.

सकाळची मोजणी मला का पटत नाही? उन्हाळ्यातला बिघाड बहुधा गरम झाल्यावरच बाहेर येतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो; वायंडिंग (अल्टरनेटरमधली तांब्याच्या तारेची गुंडाळी) शंभर अंशांनी तापलं की जवळजवळ चाळीस टक्के. रोटरचा (अल्टरनेटरमधल्या फिरत्या चुंबकाचा) करंट घटतो, चुंबकीय क्षेत्र कमजोर होतं. त्यात आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू असताना) अल्टरनेटर हळू फिरतो, त्याला मिळणारी हवाही तापलेली असते, आणि नेमका त्याच वेळी एसीचा ब्लोअर आणि रेडिएटरचा पंखा जोरात चालू असतो. वायंडिंगमधली बारीक चीर, झिजलेले ब्रश (रोटरला करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे), तापून साथ सोडणारा रेग्युलेटर हे सकाळच्या गारव्यात सहज लपतात.

म्हणून अर्धा तास गाडी चालवा, हेडलाइट आणि ब्लोअर पूर्ण लावा, बॅटरीवर मीटर धरा. आयडलिंगला आकडा थोडा पडला तर घाबरू नका. इंजिन २००० आरपीएमवर नेऊनही तो १३ च्या खाली राहिला आणि उतरतच गेला, तर बॅटरी खर्च होतेय.

तरीही अल्टरनेटर काढायची घाई नको. तोच लोड (हेडलाइट आणि ब्लोअर) चालू असताना मीटरची लाल तार अल्टरनेटरच्या जाड आउटपुट बोल्टला आणि काळी बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा. हात आणि तारा बेल्ट-पंख्यापासून दूर ठेवा. फरक ०.३ व्होल्टच्या वर आला तर दोष केबलचा किंवा सांध्याचा आहे. तसंच अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यातही बघा, इथे ०.२ च्या वर नको. चांगला अल्टरनेटर काढून नवा बसवला, गंजलेलं अर्थिंग (बॉडी आणि बॅटरीच्या निगेटिव्हमधली जोडणी) तसंच राहिलं आणि महिन्याभरात गाडी पुन्हा बंद, हे फार घडतं. माझ्या मते या दोन मोजण्या केल्याशिवाय अल्टरनेटर बदलायला कुणी सांगूच नये. मीटर एसी (अल्टरनेटिंग करंट) व्होल्टवर ठेवून बॅटरीवर अर्धा व्होल्टच्या वर रिपल (व्होल्टेजमधला चढउतार) दिसला तर मात्र बहुधा डायोड गेलाय. बेल्ट इंजिन बंद करून बघा. चकाकत असेल तर तो घसरतोय.

बॅटरी अर्धी उतरलेली असेल तर या सगळ्या मोजण्या फसव्या येतात, कारण ती करंट ओढून व्होल्टेज खाली धरते. आधी चार्जरने ती पूर्ण भरा, काही तास ठेवा, १२.६ दिसू द्या.

तुमच्या गाडीत दुपारी १३.४ येतात असं तुम्ही लिहिलंय. ते आयडलिंगचे की २००० चे, एसी चालू होता का, आणि केबलवरचा फरक किती आला, एवढं कळवा. त्यावरून पुढचं नक्की सांगता येईल.