तुरुंग बांधावा, पण पावतीवर

तुमच्या काउंटीचा, म्हणजे अमेरिकी जिल्ह्याचा, तुरुंग गळतोय, कैदी दाटीवाटीनं कोंबलेत आणि तुरुंग सांभाळणारे शेरीफसाहेब दर बैठकीत नव्या इमारतीचं तुणतुणं वाजवताहेत? घाबरू नका. अमेरिकेच्या वायव्य टोकाला, कॅनडाच्या वेशीवर, वॉशिंग्टन राज्यातली व्हॉटकम काउंटी आहे. तिचा कित्ता गिरवा.

पहिलं पथ्य, घरपट्टीला हात लावू नका. तिकडं ती एप्रिल आणि ऑक्टोबरअखेर अशा दोन हप्त्यांत भरतात. बिल मालकाच्या नावानं येतं, आकडा ठसठशीत असतो आणि मालक मतदान चुकवत नाही. आयकर म्हणाल, तर त्या राज्यात पगारावर आयकरच नाही. उरला विक्रीकर. राज्याचा साडेसहा टक्के आधीच आहे, त्यावर गावोगावचा स्थानिक कर. त्या ढिगावर आणखी ०.२ टक्का टाकला तर कोणाच्या बापाला कळतंय? फक्त टक्क्यांत बोलू नका. 'शंभर डॉलरमागे वीस सेंट' म्हणा, आणि म्हणताना खिशातली चिल्लर खुळखुळवा.

कुणीतरी शिकलेला उठून म्हणेलच, की हा कर गरिबाला जास्त चावतो. त्याला सांगा, किराण्यावर कर नाही, गरीब उपाशी मरणार नाही. साबण, चपला, पोराचं दप्तर, एवढ्यावरच तर आहे! शिवाय काउंटीच्या तुरुंगांत बहुतेकांना शिक्षा झालेलीच नसते. खटल्याची वाट बघत बसलेले असतात, त्यातले कितीतरी जामिनाला पैसे नाहीत म्हणून. आत जायची शक्यता ज्याची जास्त, त्यानं आपल्या खाटेचं आगाऊ भाडं साबणामागे भरत राहावं, यापेक्षा शिस्तशीर व्यवस्था कोणती? लॉजवाले तरी दुसरं काय करतात?

परक्यांनाही विसरू नका. सीमेपलीकडचे कॅनडावाले व्हॉटकममधल्या बेलिंगहॅम शहरात खरेदीला येतात. सिएटलहून व्हॅन्कूव्हरला निघालेली आपली मराठी मंडळीही तिथं थांबून चार टी-शर्ट घेतात. व्हिसावर असल्यानं मत नाही, पण तुरुंगाच्या भिंतीला हातभार लागतोच. पुण्याला फोनवर खुशाल सांगावं, 'अमेरिकेत बांधकामात पैसे घातलेत.'

आता मतदान. तुरुंगासाठीच्या या विक्रीकराला व्हॉटकमचे मतदार २०१५ ला नाही म्हणाले, २०१७ ला पुन्हा नाही म्हणाले. खचू नका. मतदाराचं 'नाही' म्हणजे नुसती पुढची तारीख. 'हो' म्हणजे अंतिम निकाल. आणि वर्षं नीट बघून ठेवा, सगळी विषम. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक नाही, गव्हर्नरची नाही, त्यामुळे फारसं कुणी फिरकत नाही. २०२३ ला तुरुंगाच्या गाठोड्यात मानसिक उपचार आणि व्यसनमुक्तीही बांधली, सगळ्याला 'जस्टिस प्रोजेक्ट' असं नाव दिलं, आणि ठराव पास! (उपचारांची गरज खरीच आहे, थट्टा नाही. म्हणून तर गाठोडं खपतं.)

तुम्हीही 'तुरुंग' शब्द शक्यतो पोटातच ठेवा. 'न्याय', 'सुरक्षा', 'पुनर्वसन' यांतलं जे छापायला सोपं पडेल ते फलकावर घ्या. आणि जाहीर सभेत एखाद्या बाईनं विचारलंच, की याच वीस सेंटांतून लोकांचे जामीन भरले तर खाटा किती कमी लागतील, तर तिची बोलायची तीन मिनिटं संपल्याचं सांगून माईक बंद करा.