म्हाताऱ्या कुत्र्याला बाहेर सोडून येणं म्हणजे 'मुक्ती' नव्हे

'म्हातारा कुत्रा घरी आणण्याआधी हे वाचा' असा एक मेसेज नागपुरातल्या कॉलन्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आहे. त्यात पाच मुद्दे आहेत. म्हातारा कुत्रा नव्या माणसांना जीव लावत नाही. त्याचा केस पोटात गेला की गाठ होते. त्याचं अंग दुखत असेल तर आपलीच अंगदुखीची अर्धी गोळी द्यावी. इंजेक्शन देऊन मारणं पाप आहे. आणि कुत्र्याला मरण आधी कळतं, तो स्वतःच दूर जातो, म्हणून शेवट जवळ आला की त्याला मोकळ्या जागी सोडून 'मुक्त' करावं.

हा मेसेज माझ्या आत्यापर्यंत पोचला नसता तर कदाचित मी गप्प बसलो असतो. तिने शेल्टरमधून शेरूला आणलं तेव्हाच डॉक्टरांनी दात बघून तो दहा-अकरा वर्षांचा असेल असं सांगितलं होतं. आता त्याच्या किडन्या गेल्या आहेत. सलाइनचा उपयोग होत नाही, तोंडात फोड आलेत, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. डॉक्टरांनी त्याला कायमचं झोपवण्याचा सल्ला दिला, आत्या तयार झाली, आणि हा मेसेज वाचून तिने नकार कळवला. "माझ्या हातून पाप नको रे बाप्पा," म्हणाली. म्हणून सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासून करतो.

मोकळी जागा म्हणजे कुठली? गोरेवाड्याकडचा रस्ता, आउटर रिंग रोड, एखाद्या तलावाचा काठ? तिथे आधीपासून राहणारी कुत्री असतात, ती परक्या कुत्र्याला आपल्या हद्दीत टिकू देत नाहीत. धड उभं राहता न येणारा कुत्रा त्यांच्यापासून पळणार कसा? आपल्या उन्हाळ्यात पारा ४५च्या वर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो, त्यात शरीरातलं पाणी जातं. किडनीच्या आजारात तर लघवीवाटेही भराभर पाणी जात असतं. अशा जिवाला नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, बाहेर सोडणं म्हणजे त्याला तहानेने मारणं. याला मुक्ती म्हणणाऱ्याने एक दुपार तिथे त्याच्याजवळ बसून दाखवावं.

कुत्रा मरणाआधी स्वतःच दूर जातो या समजुतीत अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. आजारी जनावर कोपरा धरतं, लपतं, कारण अशक्तपणात त्याला सुरक्षित जागा हवी असते. आणि माणसांसारखा कुत्र्यांचाही मेंदू म्हातारपणी थकतो. ती भरकटतात, घरचा रस्ता विसरतात. पण हरवलेला म्हातारा जीव मरायला निघालेला नसतो.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो. प्राण्यांवरच्या क्रूरतेला प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा आहे. त्याच्या कलम ११ प्रमाणे, उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सबळ कारणाशिवाय टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, हे संतापजनक आहे, पण गुन्हा तो गुन्हाच. आणि याच कायद्याचं कलम १३ मान्य करतं की एखाद्या प्राण्याला जिवंत ठेवणंच क्रूरपणाचं ठरेल अशी अवस्था येऊ शकते. म्हणजे ज्याला मेसेज पुण्य म्हणतो तो गुन्हा आहे, आणि ज्याला पाप म्हणतो त्यामागची करुणा कायद्याने ओळखली आहे.

इंजेक्शनबद्दल लोकांना भीती आहे, म्हणून सविस्तर सांगतो. बहुतेक डॉक्टर आधी गुंगीचं औषध देतात. मग शिरेतून भुलीच्या औषधाचा, बहुधा पेन्टोबार्बिटलचा, फार मोठा डोस जातो. काही सेकंदांत शुद्ध हरपते, त्यानंतर श्वास आणि हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, कधी नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं वाटतं. तेव्हा त्याला काही जाणवत नसतं. घरच्यांनी हे आधीच विचारून घ्यावं. तरीही कुणाचं मन तयार होत नसेल तर मी त्यांना दोष देणार नाही. त्यांनी डॉक्टरांकडून वेदना कमी करणारं औषध घ्यावं आणि शेवटपर्यंत त्याला घरात, आपल्याजवळ ठेवावं.

अर्ध्या गोळीचा सल्ला सरळ घातक आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडन्या निकामी होतात. पॅरासिटामॉलही स्वतःच्या मनाने देऊ नये.

गाठीची गोष्ट? हायडॅटिड नावाची गाठ माणसाला होते, हे खरं. पण ती केसाने होत नाही, एका कृमीच्या अंड्यांमुळे होते. ही अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून येतात, आणि कुत्र्याला तो कृमी होतो शेळ्यामेंढ्यांचे कच्चे अवयव खाल्ल्याने. वेळच्या वेळी जंताचं औषध द्या, कच्चं मटण देऊ नका, हात धुवा. कुत्र्याच्या वयाचा इथे काही संबंध नाही.

राहिला जीव लावण्याचा मुद्दा. शेरूने सुरुवातीचे दिवस फाटकाशीच काढले, कुणाकडे बघितलंही नाही. वेळ लागतो. आता आत्या शेजारी गेली तरी तिची स्कूटी परत येईपर्यंत तो मान खाली टेकत नाही, या अवस्थेतही.

ज्यांनी मेसेज पुढे ढकलला त्यांनी तो प्रत्येक ग्रुपवरून काढावा. आणि कुणाला खरंच शंका असेल तर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जाऊन डॉक्टरांना विचारावं.