झेलिग नवरा

परवा श्टुटगार्टमध्ये घरमालकीणबाईंनी आम्हा दोघांना कॉफीला बोलावले आणि तिथे मी माझ्या नवऱ्याला, तो शेजारी बसून केक खात असताना, मारून टाकले. दोष माझा नाही. “इंग्रजी येते ना, मग जर्मन निम्मे आलेच” असे सांगून भरघोस फी घेणाऱ्या पुण्यातल्या क्लासचा आहे.

भिंतीवरच्या फोटोकडे पाहत बाई म्हणाल्या, “माइन झेलिगर मान”, म्हणजे माझा झेलिग नवरा. हे कपाट त्यानेच केले, पण दार कधी नीट लागले नाही. झेलिग म्हणजे इंग्रजीतले ‘सिली’च, असे समजून मी उत्साहाने म्हणाले, “माझाही झेलिगच आहे.” बाईंनी कप खाली ठेवला, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि ओल्या डोळ्यांनी विचारले, “कधीपासून?”

“लग्नापासूनच.”

मग त्यांनी यांच्याकडे पाहिले. जर्मनचा गंध नसलेले हे प्रसन्न हसले आणि त्यांनी केकचा आणखी एक तुकडा मागितला. बाईंनी बशी हळूच स्वतःकडे ओढली आणि विचारले, “मग हे कोण?”

घरी येऊन शब्दकोश उघडला. झेलिग आणि सिली खरोखरच सख्खे भाऊ निघाले. दोघांचा पूर्वज ‘सेलीगाझ’, म्हणजे सुखी, भाग्यवान. तो लिहिलेला कुठेच सापडत नाही, वंशजांच्या तोंडावळ्यावरून पंडितांनी त्याची जुळणी केली आहे, म्हणून शब्दकोशात त्याच्या आधी तारका (*) असते. इंग्रजांनी या पुण्यवानाला आधी निष्पाप, मग बिचारा आणि 16व्या शतकापर्यंत चक्क मूर्ख करून टाकले. (आपणही ‘देवमाणूस आहे हो’ म्हणताना नेहमी कौतुकच करतो असे नाही.) डच लोक याच शब्दाने चविष्ट जेवणाची वाखाणणी करतात. जर्मनांनी मात्र त्याला देवाजवळच ठेवले: चर्चने संतपदाच्या एक पायरी खाली बसवलेला तो झेलिग, आणि आपल्या ‘कैलासवासी’सारखा, वारलेला तोही झेलिग. एवढे सांगायला क्लासमध्ये किती मिनिटे लागली असती?

दुसऱ्या दिवशी जिन्यात बाई भेटल्या. घोकून ठेवलेले वाक्य मी स्पष्ट उच्चारात म्हटले, “माझा नवरा झेलिग नाही.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “सुरुवातीला मलाही असेच वाटायचे.”