पाणी कुठून शिरलं, ते लिहून ठेवा

पावसाळा आला की ठाण्या-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये ठरलेला वाद सुरू होतो. खिडकीलगतची भिंत ओली, रंगाचे पोपडे सुटलेले. बिल्डर म्हणतो देखभाल नाही, सभासद म्हणतात कामच निकृष्ट. रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून 5 वर्षांत दाखवलेला बांधकामातला दोष बिल्डरने 30 दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. हा मोठाच आधार आहे. पण खर्च कुणाचा हे ठरलं तरी पाणी नेमकं कुठून शिरलं, हे कुणी नोंदवत नाही. नवा रंग लागतो आणि पुढच्या आषाढात डाग परत उमटतो.

मी कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये इमारतींच्या बाह्य आवरणाचं काम करतो: भिंती, खिडक्या, छप्पर आणि मुख्य म्हणजे त्यांचे सांधे. या शहराला हे ज्ञान फार महागात पडलं. 1980 आणि 90 च्या दशकांत बांधलेल्या लाकडी सांगाड्याच्या कितीतरी इमारती आतून कुजल्या, लोकांची आयुष्यभराची बचत दुरुस्तीत गेली. 1998 मध्ये इथल्या प्रांताचे माजी प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) डेव्ह बॅरेट यांच्या आयोगाने चौकशी केली आणि पुढे बाह्य आवरणाला 5 वर्षांची हमी सक्तीची झाली. मला त्याहून मोलाची वाटते ती इथल्या व्यावसायिकांना लागलेली सवय. आर्किटेक्ट, इंजिनिअर, ठेकेदार, खिडक्या बनवणारे एकत्र बसतात आणि उघडलेल्या भिंतींचे फोटो स्पर्धकांसमोर ठेवतात.

इथल्या 1996 च्या एका पाहणीत दिसलं की पाणी बहुतेक वेळा भरीव भिंतीतून नव्हे, तर खिडक्या आणि बाल्कन्यांच्या सांध्यांतून शिरलं होतं. शिवाय छप्पर भिंतीच्या जितकं पुढे, तितका त्रास कमी. कोकणातल्या घराची पागोळी भिंतीपासून दूर पडते, ती उगाच नाही! आपल्या टॉवरांनी मात्र दर्शनी भाग सपाट दिसावा म्हणून छज्जे उडवले. याचा मला मनापासून राग येतो.

तरीही इथली पद्धत जशीच्या तशी तिकडे नेऊ नये. इथे हिवाळ्यात घरातली दमट हवा बाहेर जाऊ पाहते, म्हणून बाष्प अडवणारं प्लास्टिक भिंतीच्या आतल्या बाजूला लावतात. मुंबईत एसी लावलेल्या खोलीत बाष्प बाहेरून आत येतं. तिथे तोच थर ओल कोंडून ठेवेल. मुंबईवर चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, इथे वर्षभरात त्याच्या निम्म्याच्या आसपास, तोही रिपरिप. आपली उत्तरं आपल्याच भिंती उघडून शोधावी लागतील.

पुण्यातले मित्र म्हणतात, कोर्टाच्या भीतीने कुणी तोंड उघडणार नाही. खटले इथेही चालले, तरी लोक बोलू लागले. इमारतीचं नाव झाकता येतं. प्लास्टर उतरवल्यावर दिसलेली फट, खिडकीखालचा उलटा उतार, नैऋत्येच्या झडीची बाजू, एवढं जरी इंजिनिअरांनी एकमेकांना दाखवलं, तरी पुढच्या इमारतीच्या नकाशात ते आधीच दुरुस्त करता येईल.